दाबून बसवलेलं गळतं

इंदूआत्यांना बसलेलं मी आयुष्यात एकदाच बघितलं. बाकी सगळी वर्षं बाई उभी. चहा उभ्यानं, जेवण ओट्याशी उभ्यानं, कुणाच्या घरी हळदीकुंकवाला गेल्या तरी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या. बसा म्हटलं की म्हणायच्या, "बसलं का मानूस गंजतं." माझ्या स्कूटरवर मागं बसायच्या ते बसणं धरू नका. एक पाय हवेत, हात माझ्या खांद्यावर, आणि सिग्नल लागला की खाली उतरून चालायला लागायच्या. सिग्नल सुटल्यावर मी पुढं जाऊन त्यांना पुन्हा उचलायची. मागचे लोक हॉर्न वाजवून माझा उद्धार करायचे. आत्यांना त्याचं काही नाही. "थांबून काय करायचं तिथं? तेवढंच जवळ आलं."

शाळेतून घरी येऊन मी पाय लांब केले, चहाचा कप तोंडाला लावला, की दारात हाक ठरलेली: "सुमे, गाडी काढ." कुठं, कशाला, विचारायची सोय नाही. माझा नवरा म्हणायचा, "तुझा रिक्षा स्टँड झालाय." मी चिडायची, चहा झाकून ठेवायची आणि किल्ली शोधायची. नाही म्हणणं मला कधी जमलं नाही, कारण हा नवरा मला आत्यांनीच बघून दिलेला.

नात्यानं त्या माझ्या कुणीच नाहीत. भिंगारला आमच्या गल्लीत चार घरं सोडून राहायच्या. त्यांचे यजमान लष्कराच्या एका डेपोत कारकून होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. माहेर कोल्हारचं, शेतकऱ्याचं घर. लग्न होऊन भिंगारला आल्या आणि इथंच म्हाताऱ्या झाल्या, पण बोलणं प्रवरेच्या काठचंच राहिलं. "हाय", "न्हाई", "व्हय" ऐकून कॅन्टोन्मेंटच्या बायका गालात हसायच्या. मग त्यांच्यातल्याच एखादीच्या पोरीचं लग्न जमेनासं झालं, की तीच बाई आत्यांच्या दारात.

लग्नं जुळवणं हा आत्यांचा जीव होता. पैसा घेतला नाही, साडीसुद्धा घेतली नाही. पण त्यांची पद्धत भारी वेगळी. पत्रिका, जमीन, पगार हे बाकीच्यांनी बघायचं. आत्या मुलाच्या घरी गेल्या की "पानी पिते" म्हणून सरळ स्वयंपाकघरात शिरायच्या आणि गॅसची शेगडी बघायच्या. बर्नर घासलेले आहेत का, नळी कधी बदललीय, शेगडीखाली काय साठलंय. नेवाशाला आमच्या गल्लीतल्या ज्योतीसाठी स्थळ बघायला गेलो होतो. घर मोठं, शेती बागायती, मुलगा नोकरीचा. आम्ही बाहेर पोहे खातोय, ज्योतीच्या आईच्या चेहऱ्यावर लग्न जमल्याचं सगळं दिसतंय, आणि आत्या आतून आल्या त्या चप्पल घालतच. "उठा."

रस्त्यावर आल्यावर ज्योतीची आई रडायलाच लागली. काय झालं काय? तर शेगडी लखलखीत, पण सिलेंडरवर रेग्युलेटर नाही. आत्यांनी थोरल्या सुनेला विचारलं, तर ती बिचारी खाली बघून म्हणाली, पोहे झाल्याबरोबर सासूबाईंनी काढून कपाटात ठेवला. रोजच ठेवतात. चहा करायचा तर मागून घ्यायचा.

"जिथं चहाला बी परवानगी लागती, तिथं आपली पोरगी न्हाई द्यायची," आत्या म्हणाल्या. ज्योतीची आई वर्षभर त्यांच्याशी बोलली नाही. पुढं आत्यांनीच ज्योतीला कोल्हारला दिली, मनमाड रस्त्यावर ज्यांचं छोटं हॉटेल आहे त्या घरात. तिथं दिवसभर चार शेगड्या धडधडत असतात आणि कुणी कुणाला विचारत नाही.

दुसरा नियम त्याहून कडक. दोष आधी सांगायचा. "गुन आपोआप कळत्यात. दोष आपन सांगायचा, अन् तो बी बोलनी व्हायच्या आदी. मागनं कळला का दोन घरं जळत्यात." माझ्या वेळी मला एकटीला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, "पोरगा चांगला हाय, पर घोरतो. अन् समोरच्याचं ऐकून घेत न्हाई." आमच्या सासूबाईंना माझ्याबद्दल काय सांगितलं ते मला लग्नानंतर कळलं: "पोरगी कामाची हाय, पर तोंड फटकळ. झेपत आसंल तर करा." दोन्ही बाजूंची माहिती शंभर टक्के खरी निघाली. आमचं भांडण झालं की तक्रार कुठं करणार? दोघांनाही आधीच सांगितलेलं!

आता त्या शेगडीकडं येते, जिच्यापायी हे सगळं झालं.

भिंगारमध्ये साहेबलोकांच्या बदल्या झाल्या की त्यांचं सामान निघतं. ट्रकमध्ये मावत नाही ते इथल्या लोकांना देऊन टाकायचं आणि पुढच्या गावाला जायचं, अशी जुनी रीत आहे. पडदे, कुंड्या, पोरांची सायकल, एखाद्या वेळी कुत्रंसुद्धा. त्यामुळं आमच्या गल्लीत एकाच्याही घरी जोडीचं सामान सापडायचं नाही. माझ्याकडं एका कर्नलचं जेवणाचं टेबल आहे, त्याच्या खुर्च्या कुठं गेल्या देव जाणे. आत्यांकडं अशीच एका मेजरच्या बायकोनं आसामला जाताना दिलेली रेंज होती. वर चार बर्नर, खाली ओव्हन, ओव्हनच्या दाराला काच, सगळं पांढरंशुभ्र. कंपनीच्या नावाची पट्टी घासून घासून कोरी झालेली. आत्यांनी ती अशी ठेवली होती की बघणाऱ्याला आपल्या शेगडीची लाज वाटावी.

दिवाळीच्या आधी गल्लीतल्या सगळ्या बायका आपापली नानकटाई थापून ताटं घेऊन आत्यांकडं यायच्या. घड्याळ नाही, काही नाही. आत्या अंगणात कुणाशी तरी भांडत असायच्या आणि मध्येच ओरडायच्या, "सुमे, काढ! झाली!" दार उघडावं तर बरोबर बदामी रंग. नाकावर सगळा कारभार. वेलदोडा कुणी कमी घातलाय हेसुद्धा त्या अंगणातूनच सांगायच्या.

यजमान गेल्यावर मुलगा, विलास, त्यांना पुण्याला न्यायला आला. चांगला मुलगा. बायकोही चांगली. पण आत्या कसल्या जातायत! विलासनं फारच आग्रह धरल्यावर त्या रेंजवर हात ठेवून म्हणाल्या, "ही शेगडी ज्या दिवशी बंद पडंल, त्या दिवशी मी तुज्यासंगं येते. हा माजा शब्द. तवर पुण्याचं नाव काढायचं न्हाई." त्यांचा हिशेब असा, की ही पत्र्याची बाई आपल्यापेक्षा जास्त जगणार. विलास हसला आणि शब्द लक्षात ठेवून परत गेला.

करोनात आत्या आठ-दहा दिवस दवाखान्यात होत्या. तिथून आल्या त्या थेट ओट्याशी. सगळं पहिल्यासारखं सुरू झालं. फक्त गेल्या दिवाळीला माझी आणि शेजारच्या वहिनींची ताटं करपली. आत्या ओव्हनवर चिडल्या, "म्हातारा झाला गं हा. आता जाळ जास्तच मारतो." आम्ही करपलेली नानकटाई चहात बुडवून खाल्ली.

मग यंदा पावसाळा संपता संपता गॅस एजन्सीचा माणूस तपासणीला आला. दार उघडल्याबरोबर त्यानं नाक दाबलं, खिडक्या उघडल्या, सिलेंडर बंद केला आणि म्हणाला, "आजी, घरभर गॅस झालाय, तुम्हाला कळलं नाही?" मागच्या डाव्या बर्नरचा कॉक गळत होता. आपण बटण फिरवतो ना, त्याच्या आत पितळेचा जो तुकडा गॅस सोडतो आणि बंद करतो, तो कॉक. माणूस म्हणाला, बदला, नाहीतर ही शेगडी वापरायची नाही.

त्याच रविवारी विलास हजर. चेहरा पांढराफटक. आईवर ओरडला, मग आपणच रडवेला झाला. आणि जाताना त्यानं काय करावं? रेग्युलेटर काढला आणि आपल्या बॅगेत टाकला. ओट्यावर एक विजेची शेगडी ठेवली.

आत्या त्या बॅगेकडं बघत राहिल्या. नेवाशाचं घर मला आठवलं, त्यांना आठवलं नसेल असं कसं म्हणू? पण त्या त्याला ते बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बंद पडली आन् बिघडली यात फरक हाय, विलास. दिवाळीपत्तुर मुदत दे. ह्योच कॉक मी मिळवते."

"मिळाला, नीट बसला, जरासुद्धा गळला नाही, तर रेग्युलेटर मी माझ्या हातानं लावीन," विलास म्हणाला. "नाही मिळाला तर भाऊबीज झाली की तू माझ्या गाडीत."

"ठरलं," आत्या म्हणाल्या. मी मध्ये तोंड घातलं, की अहो नवी दोन बर्नरची घ्या ना, कशाला हा तमाशा. तर माझ्यावरच उलटल्या. "शब्द ह्या शेगडीचा दिलाय. दुसरी आनून म्या राहिले तर ते राहनं व्हय? मी लोकान्ला शब्दावर पोरी द्यायला लावते."

झालं. दुसऱ्या दिवसापासून, "सुमे, गाडी काढ."

आमच्या मेकॅनिकनं, रफीकनं, तो जुना कॉक काढून, मापाला त्याच आट्यांच्या पाइपाच्या एका तुकड्यासकट त्यांच्या हातात दिला होता. आत्यांनी तो यजमानांच्या रुमालात बांधला आणि कमरेला खोचला. नगरच्या बाजारात शेगडीच्या सामानाचं एक दुकान आम्ही सोडलं नाही. दुकानात गेल्यावर काय पाहिजे ते सांगायचं नाही, हा त्यांचा मला दम. गाठ सोडायची आणि तुकडा काउंटरवर ठेवायचा. "नाव सांगितलं का त्यो नावाचं देतो. त्याला बघू दे आदी." दुकानदार बघायचा, खोक्यातून तसलाच एक काढायचा, आणि आत्या सोबत आणलेल्या पाइपाच्या तुकड्यावर तो बोटांनी फिरवून बघायच्या. एक आटा जायचा, दोन जायचे, तिसऱ्याला अडकायचा.

"मावशी, हा युनिव्हर्सल आहे. सगळ्यांना चालतो."

"सगळ्यान्ला चालतो त्यो कुनालाच नीट चालत न्हाई."

"टेप गुंडाळा आणि पान्यानं दाबा. बसतोय की!"

"दाबून बसवलेलं गळतं, बाबा." आत्या तुकडा पुन्हा रुमालात बांधायच्या. "दोन आटे जुळले म्हंजे लगीन झालं का?"

एका दुकानदारानं वैतागून विचारलं, "ह्यात काय सोनं आहे का?" आत्या म्हणाल्या, "माजं घर हाय." तोवर मला हा म्हातारीचा हट्टच वाटत होता. त्या उन्हात, त्या धुरळ्यात, घामानं चिकटलेली साडी घेऊन ती बाई एका दुकानातून दुसऱ्यात जवळजवळ पळत होती. दसरा होऊन गेला होता, आकाशकंदील टांगले जायला लागले होते, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली, की हे नाहीच मिळालं तर?

माझीही झोप उडाली. वर्गात पोरं बेरीज करायची आणि मी फळ्याकडं बघत पितळेचे आटे मोजायची. घरी नवरा म्हणाला, इंटरनेटवर बघ. बघितलं. मागवलाही. आला तो भलत्याच देशाच्या शेगडीचा, आमच्या पाइपाच्या दुप्पट. आत्यांनी तो हातात घेतला आणि म्हणाल्या, "फोटू बघून केलेलं लगीन हे." आणि माझ्या पोरीला खेळायला दिला.

शेवटी त्यांनी आपलं खरं हत्यार काढलं. इतक्या वर्षांत जुळवलेली लग्नं! माझ्या फोनवरून त्यांनी एकेकीला फोन लावायचा सपाटा लावला. राहुरी, श्रीरामपूर, पाथर्डी, शेवगाव, जिथं जिथं पोरी दिल्या तिथं तिथं. "आगं, कशी हाय? पोरं कशी हायत? बरं, आयक, तुज्या गावात कुनाकडं भिंगारच्या साह्यबाची जुनी रेंज पडलीया का?" पोरींना वाटायचं, आत्यांचं डोकं फिरलं. पण एकीनंही टाळलं नाही. नवऱ्यांना कामाला लावलं, सासऱ्यांना भंगारवाल्यांकडं पिटाळलं. पाथर्डीहून एकीनं रेंज समजून तिजोरीचाच फोटो पाठवला. आणि मग एका दुपारी कोल्हारहून ज्योतीचा फोन. "आत्या, आमच्या हॉटेलामागं एक हाय. सासऱ्यांनी कधीतरी भिंगारहूनच आणली होती. पण तिच्यात कोंबड्या बसत्यात."

"सुमे, गाडी काढ."

मी म्हटलं, कोल्हारला स्कूटरवरून जायला मी वेडी नाही, एसटीनं जाऊ. तर एसटीत अर्ध्या जागा रिकाम्या आणि ही बाई ड्रायव्हरच्या मागं दांड्याला धरून उभी. कंडक्टर म्हणाला, "आजी, बसा की." "तू हाक," आत्या म्हणाल्या. तो म्हणाला, मी हाकत नाही, तो हाकतो. "मंग त्याला सांग."

हॉटेलामागं गेलो आणि काय सांगू! तीच रेंज, आत्यांच्या रेंजची सख्खी बहीण, पण काय दशा. गंजलेली, एक पाय तुटलेला, ओव्हनचं दार नाहीच, आणि आत भुशावर दोन कोंबड्या अंड्यांवर बसलेल्या. कोंबड्यांची घाण, नासलेलं अंडं, असा भपकारा, की ज्योतीनं पदर नाकाला लावला आणि मी चार पावलं मागं झाले. आत्या मात्र सरळ वाकल्या, डोकं थेट त्या ओव्हनमध्ये घातलं आणि एका कोंबडीला हातानं बाजूला सारत म्हणाल्या, "पाइप शाबूत हाय गं!" कितीतरी वेळ त्यांचं डोकं तिथंच. मला वाटलं, बाईच्या जिद्दीला वासही शिवत नाही. एवढंच वाटलं मला तेव्हा.

ज्योतीच्या नवऱ्यानं पाना आणला. तीन कॉक गंजून बसलेले, निघेनात. चौथा, मागचा डावा, थोडं तेल सोडल्यावर हलला आणि सुटला. आत्यांनी तो पदरानं पुसला, पाइपाचा तुकडा काढला आणि बोटांनी फिरवायला सुरुवात केली. एक आटा. दोन. तिसरा. चौथाही गेला. शेवटपर्यंत, कसलाही जोर न लावता.

बाईंनी तो पदराला बांधला. ज्योतीच्या गालावरून हात फिरवला आणि पुन्हा येऊन बसलेल्या कोंबडीला म्हणाल्या, "बस बाई, आता सावकाश." ज्योती मला बाजूला म्हणाली, "नेवाशाचं स्थळ मोडलं तेव्हा मी ह्यांना काय काय बोलले होते, वैनी." मी म्हटलं, अगं, त्यांना सगळेच बोलतात.

रफीकनं कॉक उघडून साफ केला, ग्रीस भरलं, बसवला. विलासला फोन गेला. दिवाळी अगदी तोंडावर आली होती. रविवारी तो आला, बॅगेतून रेग्युलेटर काढला आणि ठरल्याप्रमाणे आपल्या हातानं सिलेंडरवर लावला. गल्लीतल्या बायका नानकटाईची ताटं घेऊनच दारात जमा. रफीकनं वाटीत साबणाचा फेस केला आणि सगळ्या सांध्यांवर लावला. गळत असेल तर तिथं बुडबुडे येतात. आम्ही वाकून बघतोय. माझा हात शेजारच्या वहिनींनी इतका दाबला, की बांगडी रुतली.

एक बुडबुडा नाही.

रफीक म्हणाला, "एकदम पक्का." विलासनं काडी ओढली, बटण फिरवलं, आणि मागच्या डाव्या बर्नरवर निळी फुलं उभी राहिली. बायकांनी असा गलका केला, की रस्त्यावरचे दोन जवान सायकल थांबवून आत बघायला लागले. मी तर आत्यांना मिठीच मारली. जिंकली माझी बाई! विलासही हसला. हरल्याचं हसू होतं ते, पण खोटं नव्हतं. "आई, शब्द म्हणजे शब्द. तू राहा इथं. मी परत काढणार नाही विषय."

आणि इंदूआत्या बसल्या.

ओट्याशेजारी एक स्टूल होतं, डबे काढायचं. ते त्यांनी पायानं ओढलं आणि त्यावर बसल्या. दोन्ही हात मांडीवर. गलका आपोआप थांबला. मला वाटलं, चक्कर आली.

"ताटं भाईर घ्या जरा," त्या म्हणाल्या. "विलास, तू हितं ये. एक दोष सांगायचा राहिलाय."

"कसला दोष? शेगडीचा?"

"शेगडीत न्हाई, माज्यात. मला वास येत न्हाई. दवाखान्यातनं आल्यापासनं. फुलाचा न्हाई, फोडनीचा न्हाई, गॅसचा न्हाई. त्यो मानूस आला तवा घर भरलं हुतं आन् मी हितं भाजी चिरत हुते. आजून थोड्या येळानं मी काडी लावली असती."

मला ती करपलेली ताटं आठवली. कोंबड्यांच्या घाणीत घातलेलं ते डोकं आठवलं. आणि मला आत्यांचा इतका संताप आला, इतका संताप आला, की काय सांगू! महिनाभर उन्हातान्हात फिरलो, पायाचे तुकडे पडले, जिंकलो, मुलगा आपल्या तोंडानं राहा म्हणाला, आणि आता हे? "कशाला बोललात, आत्या!" मी सगळ्यांदेखत ओरडले. "कुणी विचारलं होतं का तुम्हाला?"

"न्हाई इचारलं म्हनूनच," आत्या म्हणाल्या.

"मग इतके दिवस हिंडवलंत कशाला मला?"

"आगं, शब्द शेगडीचा हुता. ती बंद पडली म्हनून मी गेले असते तर ते हरनं झालं असतं. आता ती चालू हाय." त्यांनी त्या निळ्या जाळाकडं बघितलं. "आता मी माजी जाते."

विलास त्यांच्यासमोर खाली बसला. म्हणाला, आई, गॅस गळला की वाजणारं यंत्र मिळतं, मी उद्याच आणून लावतो, तू कुठं जाऊ नको. खरंच म्हणत होता तो. डोळे भरले होते त्याचे. आत्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "वाजंल की. पर तू तिकडं रोज त्येच ऐकत बसशील, वाजतंय का, वाजतंय का. सकाळ-संध्याकाळ फोन करशील, गॅस बंद केलास का म्हनून. त्या रेग्युलेटराचा मला लई राग आल्ता, विलास. मंग कळलं, नेवाशाच्या म्हातारीनं धाकासाठी काढला हुता, तू भ्यालास म्हनून काढलास. एका बाजूचं सुख बघून म्या कंदी लगीन जमवलं न्हाई. आता सोताचं कसं जमवू?"

मग उठल्या, पदर खोचला, आणि बाहेर ओरडल्या, "आना गं ताटं! जाळ वाया चाललाय!" त्या दिवशी नानकटाई काढायचं काम त्यांनी माझ्याकडं दिलं. मी नाक फुगवून ओव्हनशी उभी, आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय, त्यामुळं वास धड कळेना.

बदली झालेल्या साहेबासारखंच मग त्यांचं सामान निघालं. कपाट वहिनींकडं, पलंग रफीककडं, भांडी ज्योतीकडं कोल्हारला. रेंज कुणाला द्यायची हे मात्र सांगेनात. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी माझ्या घरी आल्या, "पानी पिते" म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. मी दारातून बघत उभी. इतक्या वर्षांची ओळख, पण बाईनं माझी शेगडी उचलून खाली बघितलं, नळी वाकवून बघितली, बर्नरवरून बोट फिरवलं. बाहेर येऊन म्हणाल्या, "खाली थोडी घान हाय. पर चालंल." माझ्या नवऱ्याला इतकं हसताना मी कधी बघितलं नाही. लग्नात त्याची परीक्षा झाली होती, माझी त्या दिवशी झाली.

भाऊबीजेनंतरच्या सकाळी विलासची गाडी गल्लीत उभी राहिली. रफीकनं रेंज आदल्या संध्याकाळीच माझ्याकडं बसवली होती, आणि वाटेत खायला म्हणून मी सकाळीच तिच्यात नानकटाईचं ताट लावलं. आत्या आल्या, दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. मी ताट काढलं.

"वास कसा सुटलाय?"

"छान सुटलाय."

"छान म्हंजे? नीट सांग."

मला काही सुचेना. वास कसा सांगायचा असतो? म्हटलं, तुपाचा आहे, आत्या. आणि वेलदोड्याचा. गोड, गरम, दिवाळीच्या दुपारी तुमच्या अंगणात यायचा तसा. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मग मी म्हटलं, "आणि एका कोपऱ्याला थोडा करपल्याचा."

त्यांनी डोळे उघडले आणि हसल्या. "आता खरं बोललीस. कोपऱ्याच्या मला दे."

मी त्या चार करपलेल्या त्यांना रुमालात बांधून द्यायला गेले, तर त्यांचा रुमाल आधीच बांधलेला. यजमानांचा तोच. आत तो जुना, गळणारा कॉक. मी म्हटलं, अहो, हा आता कशाला? "तिकडं दुकानं लई हायत म्हनं," आत्या म्हणाल्या. "ह्याचा बी जोडीदार आसंल की कुटं तरी. बघते. बसून काय करायचं?"

गाडीत त्या पुढं बसल्या, म्हणजे सीटच्या कडेला टेकल्या. विलासनं त्यांचा पट्टा लावला, तो त्यांनी दोनदा काढला. गाडी निघाली. गल्लीच्या टोकाला, जिथून नगरचा रस्ता लागतो तिथं, दूधवाल्याचा टेम्पो आडवा लागला होता, म्हणून ती थांबली. मी दारात उभी राहून बघत होते. पुढचं दार उघडलं, आत्या खाली उतरल्या, एका हातात नानकटाई, दुसऱ्या हातात रुमालाची गाठ, आणि टेम्पोच्या बाजूनं वाट काढत पुण्याच्या दिशेनं चालायला लागल्या.